गमबुटाशिवाय आत येऊ नये

मोकळ्या प्लॉटवर कचरा टाका असं कुणी कुणाला सांगत नाही. एक जण जाता जाता एक पिशवी टाकतो, दुसऱ्याला ती एकटी बरी दिसत नाही म्हणून तो शेजारी आपली ठेवतो, आणि बघता बघता ढीग होतो. किस्स्यांचंही तसंच आहे. आमच्या भाईंदरमधल्या गोडदेवच्या बागेचं काम सुरू झालं तेव्हा आमच्यापैकी कुणीही पुढे सांगायला गोष्टी होतील म्हणून आलं नव्हतं. पण आता चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "अगं, तो ताकाचा किस्सा सांग ना!" आणि मग अख्खा ढीग उपसावा लागतो.

मी वैशाली. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दिवसभर तोंड उघडून बसलेली माणसं बघते, पण बोलत त्यातलं कुणी नाही. बोलणारी माणसं मला बागेत भेटली.

आता बाग म्हणतोय, पण तेव्हा ते पिंपवाल्यांचं यार्ड होतं. केमिकलची रिकामी पिंपं कुठून कुठून यायची, इथे धुतली जायची, ठोकून सरळ केली जायची आणि रंगवून विकली जायची. धुतलेलं पाणी तिथेच मुरायचं. पुढे यार्ड बंद झालं, जागा बागेसाठी राखीव झाली, पिंपं गेली. वास राहिला. डबक्यांवर मोरपंखी रंग तरंगायचे. आमच्या बिल्डिंगच्या भिंतीतून पिंपळ उगवतो, गटाराच्या झाकणातून गवत येतं, पण त्या जागेत एक काडी उगवत नव्हती.

शेवटी आमच्या कांबळे मॅडमनी मनावर घेतलं. त्या मूळच्या लातूरकडच्या, कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. घरी पाहुणा आला तरी चहात साखर किती चमचे ते आधी विचारतात आणि सपाट चमच्याने मोजून घालतात. त्यांनी मातीचे नमुने तपासून आणले आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या. "या मातीत शिसं आहे, क्रोमियम आहे. हिला उघडा हात लावायचा नाही. हिच्यावर बसून काही खायचं नाही. आणि अनवाणी पाय तर अजिबात टाकायचा नाही!"

"तो फिर करने का क्या, मॅडम?" किराणावाल्या जिग्नेशभाईंनी विचारलं.

"काम," मॅडम म्हणाल्या.

रीतसर परवानगी आली. वरचा काळा थर खास गाड्यांतून उचलून नेला गेला. उरलेल्या जमिनीला माणसात आणायचं काम आमच्या रविवारांवर पडलं.

*

पहिला प्रश्न गमबुटांचा. जिग्नेशभाई म्हणाले, माझ्या साडूचं दुकान आहे, मी आणतो. आणले. सगळे एकाच मापाचे, जेंट्स नऊ नंबर!

"अहो, बायकांच्या पायाला हे कसे होणार?" मी म्हटलं.

"साइज में क्या है, वैशालीबेन? मिट्टी को थोड़ी ना पता चलता है!"

कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, हे शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिलं होतं. इथे तो उपयोग स्वतः करायची वेळ आली. मी आत तीन-तीन मोजे घालायचे. पण आमच्या मजल्यावरच्या नाझियाभाभी एवढ्याशा चणीच्या, त्यांच्या पायाला मोज्यांचा अख्खा खण पुरला नसता.

पहिल्याच रविवारी त्या घमेलं घेऊन चिखलातून निघाल्या. घमेलं पुढे गेलं, भाभी पुढे गेल्या, उजवा बूट मागेच रुतून राहिला. मॅडम लांबून ओरडल्या, "भाभी, पाय वर! पाय खाली टेकायचा नाही!" भाभी घमेल्यासकट बगळ्यासारख्या एका पायावर उभ्या. आम्ही तिघं मिळून बूट उपसतोय आणि तो काही निघत नाहीये.

"भाभी, रूल काय आहे आपला?" मॅडमनी तशातही विचारलं. "बूट आत पाहिजे!"

"बूट तो अंदर ही है, मॅडम," भाभी म्हणाल्या. "सिर्फ मैं बाहर आ गयी."

त्याच दुपारी जिग्नेशभाईंनी गेटवर लाल अक्षरांत बोर्ड रंगवला. 'गमबुटाशिवाय आत येऊ नये.'

*

हा बोर्ड सगळ्यांनी मानला. एका माणसाला मात्र तो लागू करता येईना, आणि आमचे सगळे किस्से शेवटी त्याच माणसाशी येऊन थांबतात.

हिराजीकाका गोडदेव गावातले. आमच्या बिल्डिंगी नव्हत्या तेव्हापासूनचे, म्हणजे त्यांच्या मते आम्ही अजून पाहुणेच. काम सुरू झालं तसे दर रविवारी ते गेटच्या बाहेर येऊन बसायला लागले. सून प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून जायची. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात काठी. आम्हाला वाटलं, हे तक्रार करणार.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी मी गमबुटांचा जोड घेऊन गेले. "काका, आत या ना. हे घाला."

काकांनी बुटांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. "शेतात पायताण घालून जायाचा? मना न्हाय जमाचा."

"कुठलं शेत?"

"ह्या माजा शेत हाय," ते काठीने प्लॉट दाखवत म्हणाले. "हाय म्हंजे, व्हता."

ती त्यांची भातजमीन होती. त्यांचे वडील तिथे चपला बांधाच्या कडेला काढून आत पाय टाकायचे, आजोबाही तसंच करायचे. काकांनीही जन्मभर तेच केलं. मग खाडीकडचं मिठाचं काम बंद पडलं, भात परवडेना, आणि पिंपवाला भाडं द्यायला तयार होता.

"कुणी फसवली न्हाय मना," काका म्हणाले. "मीच दिली. माज्या हातानं दिली. आन् दिली तवापास्ना आत पाय टाकला न्हाय."

मॅडम तोवर गेटपाशी आल्या होत्या. त्यांनी ऐकलं सगळं. मला वाटलं, आता एवढ्या म्हाताऱ्या माणसापुढे नियम जरा वाकेल. छे!

"काका, अनवाणी नाही जायचं. पायाला एखादी चीर असली तरी ते आत जातं."

"आन् मी पायताण घालून न्हाय जायाचा."

झालं! एक गेटच्या आत, एक बाहेर, आणि दोघांचंही बरोबर. असा तंटा मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. आमच्या घरी दोघांपैकी एक तरी नेहमी चूक असतो, त्यामुळे भांडण मिटतं.

शेवटी काकांनीच विचारलं, "ही बरी झाली, म्हंजे कवा येल मना आत? अनवानी?"

"माती तपासून चांगली आली की."

"मी हाय तवर येल ना?"

दुसरं कुणीही 'हो काका, का नाही' म्हणालं असतं. मॅडम म्हणाल्या, "मी खोटं सांगणार नाही, काका. मला माहीत नाही."

काकांनी मान हलवली आणि खुर्चीत नीट मागे टेकून बसले. मला मॅडमचा भयंकर राग आला होता. काकांना आला नव्हता.

*

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं आपण ऑफिसात बघतो. काका प्लॅस्टिकच्या खुर्चीवरून शेत हाकायचे. आणि शेत कुठलं, तर जे आता नव्हतंच.

एकदा जिग्नेशभाई फावडं खांद्यावर टाकून प्लॉटच्या मधोमध तिरके चालले होते. गेटवरून आवाज आला, "ओ शेठ! भातातना कुठं चाल्लाव? बांधावरशी जा!"

जिग्नेशभाई जागच्या जागी थांबले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. चहूकडे नुसती उघडी, करडी जमीन. "चाचा, भात किधर है?"

"आता न्हाय. पण व्हता ना!"

"और बांध?"

"तुमी उभं हाव त्याच्या उजव्या हाताला. सरल जायाचा, मंग डावीकडं वलायचा. उभ्या पिकातना कुनी जातो काय? शेठ हाव का रेडा हाव?"

आम्ही सगळे हसत सुटलो. जिग्नेशभाईही हसले, मान डोलावली आणि तिरकेच पुढे गेले. कोपरा कापल्याशिवाय त्यांना चालताच येत नाही. त्यांचं दुकानही गल्लीचा कोपरा कापूनच पुढे आलेलं आहे.

काका मात्र हसले नव्हते. त्या दिवसापासून जिग्नेशभाई मधून चालले की गेटवरून काठी आपटल्याचा आवाज यायचा. आणि जिग्नेशभाई न बघता हात वर करायचे, "हां हां चाचा, अगली बार!"

*

आता ताकाचा किस्सा.

मॅडमच्या सांगण्यावरून आम्ही सूर्यफूल आणि मोहरी लावली होती. ही झाडं मातीतलं वाईट थोडं थोडं वर ओढून घेतात. मग ती कापायची, खतात घालायची नाहीत, वेगळी बांधून रीतसर द्यायची. म्हणजे झाडं आपल्यासाठी विष पिणार. जागोजागी पाट्या लावल्या, 'पाने, फुले, बिया खाऊ नयेत.'

सूर्यफुलं अशी फुलली की समोरच्या बिल्डिंगची माणसं गॅलरीत चहा घ्यायला लागली. आणि मग फुलं कमी व्हायला लागली. आज दोन, उद्या चार. मॅडमनी पाळत ठेवली. चोर सापडला. बी विंगमधले जोशीकाका, सकाळचा वॉक, कानाला मफलर, हातात पिशवी! कुंपणाच्या बाहेरून छत्रीच्या मुठीने फांदी ओढायची आणि फूल खुडायचं. आत येत नसल्यामुळे गमबुटाचाही नियम मोडत नव्हता.

"काका, पाटी वाचली नाहीत?"

"वाचली की. खाऊ नयेत असं लिहिलंय. मी कुठे खातो? देवाला वाहतो!"

मॅडम स्वतः काही पूजाअर्चा करत नाहीत. त्यांच्या घरात बुद्धांची मूर्ती, तिच्यासमोर एक मेणबत्ती, संपलं. पण त्या म्हणाल्या, "जोशीकाका, जे विष आपण पोराबाळांना देणार नाही ते देवाला कशाला?"

जोशीकाकांचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांनी पिशवी मॅडमच्या हातात दिली. दोन पावलं गेले आणि परत आले. अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, पण मी गेला महिनाभर वाहतोय हो. आता देवाला त्यावर उतारा काय देऊ?"

मॅडमचा चेहरा तसाच, प्रॅक्टिकलची परीक्षा घेतात तसा.

"ताक द्या," म्हणाल्या.

आम्ही हसू दाबून दाबून अर्धमेले झालो. दुसऱ्या दिवशी मी जोशीकाकांना लिफ्टमध्ये गाठलं. "काय काका, दिलंत का ताक?"

"दिलं तर!" जोशीकाका गंभीरपणे म्हणाले. "जिरं घालून."

*

पुढे वरून चांगल्या मातीचा थर द्यायची वेळ आली. मोठा थर ट्रकने आला. पण नाझियाभाभींना वाटलं की प्रत्येक घराची थोडी तरी माती असावी. त्यांनी ग्रुपवर टाकलं, 'सुट्टी में गांव जाओ तो एक थैली मिट्टी लाना.'

गावाहून काय आणायचं नाही हे आपल्या लोकांना कळत नाही. फणस आणतात, पाटा आणतात, एकदा आमच्याकडे आत्याने शिंकाळं आणलं होतं. माती आणा म्हटल्यावर काय विचारता! माझ्या राजापूरची लाल आली. मॅडमच्या लातूरची काळी आली. भाभींच्या जौनपूरची पिवळसर आली. जिग्नेशभाईंनी कच्छहून भली मोठी गोणी आणली.

आणि मॅडमनी प्रत्येक पिशवी तपासायला घेतली!

लोक चिडले. 'माझ्या माहेरच्या मातीवर संशय?' असं आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या बायकांना वाटलं, मलाही वाटलं. मॅडमनी माझ्या पिशवीवर चिठ्ठी लावून दिली, 'माती कमी, दगड जास्त.' मी हे सासूबाईंना कळू दिलं नाही, नाहीतर त्यांना इतक्या वर्षांनी पुरावाच मिळाला असता.

जिग्नेशभाईंची गोणी मात्र नापास झाली. पूर्ण नापास. मॅडम गेटपाशीच त्यांना समजावत होत्या, "भाई, हे नाही चालणार. यात मीठच मीठ आहे."

खुर्चीत काका इतका वेळ डोळे मिटून बसले होते. मीठ म्हटल्यावर डोळे उघडले.

"कुठना आनला?"

"कच्छ से, चाचा."

"रेलगाडीनं?"

"हां. एक्स्ट्रा सीट लेके."

काका हसले. पोट धरून, टोपी पडेपर्यंत हसले. "अरे, मीठ पिकवून इकून तीन पिढ्या जगल्या आमच्या! भायंदरात मीठ भायेरशी आननारा तूच पयला!"

काकांना हसताना आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

*

गांडूळ सापडलं तो रविवार आमच्या सगळ्यांच्या लक्षात आहे.

भाभी नव्याने लावलेल्या वाळ्याच्या ओळीत खुरपत होत्या आणि एकदम किंचाळल्या. साप असेल म्हणून जिग्नेशभाई फावडं घेऊन धावले. बघतो तर गांडूळ! एक. बोटभर. त्या जमिनीत आपणहून आलेला पहिला जीव.

मग काय, आम्ही गोलाकार उभे. फोटो! व्हिडिओ! त्या गांडुळाने जन्मात एवढी माणसं पाहिली नसतील. मॅडम गुडघ्यावर बसल्या. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "ऊन फार आहे आज." आभाळ आलेलं होतं.

भाभी म्हणाल्या, चाचांना दाखवू. स्टीलच्या डब्यात थोडी ओली माती घालून गांडूळ गेटवर नेलं. काकांनी डबा डोळ्यांजवळ धरला.

"लहान हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "एकला हाय?"

"सध्या तरी एकटंच मिळालंय, काका."

"मंग त्याला बायको बगा."

मॅडमना राहवेना. "काका, गांडुळात नर-मादी वेगळे नसतात. एकातच दोन्ही असतं."

काकांनी डबा भाभींकडे परत दिला. काकी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"तरी पन, मॅडम," ते म्हणाले. "सोबत लागते."

मॅडमनी घरी जाऊन वाचलं. पुढच्या रविवारी गेटवर आल्या आल्या म्हणाल्या, "काका, बरोबर आहे तुमचं. लागते."

*

आणि मग एका रविवारी खुर्ची आली नाही.

सून भेटली. काकांना छातीत कफ झाला होता, दवाखान्यात ठेवलं होतं. त्या दिवशी आमचं कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. जिग्नेशभाई प्लॉटमधून तिरके चालत गेले, मध्येच थांबले आणि गेटकडे बघितलं. काठी वाजली नाही. ते म्हणाले, "मजा नहीं आ रहा है यार."

दुपारी मी आणि मॅडम बघायला गेलो. काका उशीला टेकून बसले होते, एकदम लहान दिसत होते. आम्ही आत गेलो तसं त्यांनी कसे आहात वगैरे काही विचारलं नाही.

"झाली का बरी?"

मातीबद्दल विचारत होते.

मी मॅडमकडे बघितलं. डोळ्यांनी विनवलं, म्हणा ना! एवढं एकदा म्हणा!

"अजून नाही, काका. खूप सुधारलीय. पण अजून नाही."

"बरा," काका म्हणाले आणि डोळे मिटले.

बाहेर आल्यावर मी जिन्यातच मॅडमना धरलं. "काय बिघडलं असतं हो? हो म्हणाला असतात तर? समाधानाने झोपले असते!"

"झोपले नसते," मॅडम म्हणाल्या. "चपला काढून आले असते."

रिक्षात मॅडमच पुन्हा बोलल्या. "वैशालीताई, त्यांना एकदा त्या पिंपवाल्याने सांगितलं होतं, काही होत नाही जमिनीला, नुसतं पाणीच आहे. मला तसं दुसऱ्यांदा सांगायचं नाहीये." त्या रस्त्याकडे बघत होत्या. त्या बाईवर मी वर्षभर मनातल्या मनात चिडले होते, त्याचं मला त्या रिक्षात फार वाईट वाटलं.

काका घरी आले. खुर्ची परत आली. आता सुनेला त्यांना धरून आणावं लागायचं, आणि काठी आपटायची ताकद राहिली नव्हती. जिग्नेशभाई मधून चालले की ते नुसती काठी उचलायचे. पण जिग्नेशभाई आता गेटकडे बघत बघतच चालायचे, आणि काठी उचललेली दिसली की खूश होऊन हात वर करायचे, "हां चाचा, अगली बार!"

*

शेवटचा रिपोर्ट आला तो रविवार. उद्घाटन वगैरे नंतर झालं, फीत, नारळ, भाषणं, त्यात काही किस्सा नाही. खरा दिवस तो.

आम्ही नेहमीसारखे नऊ नंबरचे बूट घालून कामाला लागलो होतो. वॉकिंग ट्रॅक झाला होता, छान वळणावळणाचा, बाकं बसली होती, हिरवळ धरली होती. मॅडम गेटमधून आल्या. पर्समधून पक्कड काढली आणि बोर्डाची तार कापायला लागल्या.

"अरे मॅडम, मेरा बोर्ड!" जिग्नेशभाई ओरडले.

बोर्ड खाली आला. मॅडमनी तो उलटा करून भिंतीला टेकवला आणि खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काका, चला."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. "खरा?"

मॅडमनी मान डोलावली. त्या खोटं बोलत नाहीत हे त्यांना आणि आम्हाला, सगळ्यांनाच माहीत होतं. काका उठले. सून पुढे झाली, तिला त्यांनी हाताने थांबवलं. चपला काढल्या, गेटच्या बाहेर, जोडून, बाजूला ठेवल्या. वाकता येत नव्हतं, म्हणून काठीच्या टोकाला माती लावली आणि ती बोटाने पुसून कपाळाला लावली. मग पाय आत टाकला.

आम्ही सगळे हातातली कामं सोडून उभे. भाभींनी ओढणी तोंडाशी धरली होती.

काका ट्रॅककडे वळलेच नाहीत. हिरवळीवरून सरळ गेले, कुंपणाला समांतर, पावलापुढे पाऊल टाकत. मध्येच जिथे काहीच नव्हतं, ना झाड ना बाक, तिथे थांबले आणि काटकोनात डावीकडे वळले. थोडं चालले. पुन्हा थांबले, पुन्हा वळले.

"चाचा रास्ता भूल गये क्या?" जिग्नेशभाई कुजबुजले.

मॅडमना काळजी वाटली. "काका, ट्रॅकवरून चाला ना! मधून या, इकडे सपाट आहे!"

काकांनी मागे वळून बघितलं नाही. "भातातना कसा येऊ?"

मॅडम तशाच उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या आणि गमबूट काढायला लागल्या. एक काढला, दुसरा काढला, मोजे काढले. अनवाणी निघाल्या, सरळ काकांच्या मागे. काका जिथे वळले होते तिथे वळल्या. त्यांच्यामागून भाभी, भाभींच्या मागून मी, एकामागे एक. माती गार होती.

सगळ्यात शेवटी जिग्नेशभाई निघाले, बूट हातात घेऊन. आम्ही बरेच पुढे गेलो होतो. सवयीप्रमाणे त्यांनी कोपरा कापला आणि मधूनच तिरके आमच्याकडे यायला लागले.

काका पुढे बघतच चालत होते. त्यांनी नुसती काठी उचलली.

जिग्नेशभाई थांबले. आले तसे मागे गेले, गेटपर्यंत, आणि बांधावरून आले.